राजहऱ्याच्या मोटारीतला डबा

दादाला जाऊन आज बारा दिवस झाले. या दिवसांत त्याच्या घरी मी दोनदा डबा पाठवला आणि एकदा स्वतः घेऊन गेले. तिन्ही वेळा डबा रिकामा परत आला. तो तसाच यायला हवा. आमच्याकडे एरवी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, काहीच नसलं तर अंगणातलं लिंबू, पण काहीतरी टाकून देतात. रिकामं भांडं येतं ते फक्त सुतकातल्या घरून. वहिनीने रीत पाळली, तिचं काही चुकलं नाही. तरी परवा दादाच्या घरून, बालोदहून दुर्गजवळ बोरसीला परत येताना तो हलका डबा मांडीवर घेऊन मला बसमध्ये बसवेना. कधी तो पायाशी ठेवला, कधी पिशवीत घातला, पुन्हा काढला. शेजारच्या मुलीने विचारलं, "आंटी, कुछ गिर गया क्या?" नाही म्हटलं. खरं तर तिला काय सांगायचं, ते मलाच कळत नव्हतं.

हा रस्ता मी प्रथम पाहिला तेव्हा तो एका मोटारीपुरता होता. त्याही आधी, म्हणजे न पाहता, चार महिने मी त्याच्याबद्दल खोटं बोलत होते. दादा होता तोवर ते लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिते.

भिलाईत पोलादाच्या प्लँटची पहिली भट्टी पेटून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जिकडे पाहावं तिकडे खोदलेलं. क्वार्टरसमोर सकाळी जी पाऊलवाट असे ती संध्याकाळी नालीत गेलेली असे, आणि बाबा कामावरून येताना रोज नव्या बाजूने येत. सेक्टर दहाच्या जागी तेव्हा नुसते खुंट आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्या होत्या. बाबा टाइम ऑफिसात कारकून होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतातले. बाबांनी शाळेची परीक्षा देऊन, टायपिंग शिकून, एकेक पायरी चढत खुर्ची मिळवली होती आणि त्या खुर्चीवर ते रोज धुतलेला शर्ट घालून बसत. दादासाठीही त्यांनी तिथेच एक जागा बोलून ठेवली होती. दादा ती सोडून राजहऱ्याला खाणीवर गेला. प्लँटला लागणारा लोहदगड तिथून यायचा. डोंगर फोडायचे, मोजायचे, वॅगनी भरायच्या. त्याला उघड्यावरचं काम हवं होतं. चार भिंतींत बसलं की त्याचं डोकं दुखे.

तो निघाला त्या सकाळी बाबा दारात उभे होते. ते ओरडले नाहीत.

"मातीतून हात काढायले मले वीस वर्षं लागले," ते म्हणाले. "तू पुन्हा मातीत चालला. जा. पण ते लाल पाय घेऊन माया दारात येऊ नको."

दादाने पायांकडे पाहिलं. त्या वेळी ते स्वच्छ होते. मग ट्रंक उचलून तो गेला. दिवाळीला आला नाही. पत्र लिहायचा त्याचा स्वभावच नव्हता.

आईने बाबांचा शब्द मोडला नाही, फक्त बाजूने वाट काढली. मी दुर्गला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि रोज मोटार स्टँडवरून जात होते. दर सोमवारी पहाटे उठून आई भाकरी, जवसाची चटणी, तिखट पुऱ्या असं काही करी, पितळेच्या कडीच्या डब्यात भरी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारून माझ्या हाती देई. मी तो राजहऱ्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ देत असे. शनिवारी दुपारी तोच ड्रायव्हर डबा परत आणी. फडकं कधीच परत येत नसे. आई म्हणे, "हरवते कुठी एवढे फडके? माये लुगडे सरले."

पहिल्या शनिवारी डबा हातात घेतला आणि तो रिकामा आहे हे वजनावरूनच कळलं. घासून धुतलेला, लखलखीत, रिकामा. दादाला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही, पण असल्या गोष्टी घरातल्या बायका करत आल्या आणि त्याने कधी लक्ष दिलं नसावं. आई मात्र झाकण उघडल्यावर काय करील ते मला दिसलं. मी दुर्गच्या बाजारातून चार सीताफळं घेतली आणि डब्यात ठेवली.

आईने झाकण काढलं. फळांवर नुसता हात ठेवून ती जरा वेळ बसली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

"कुठचे हायेत?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळू नये अशा बेताने.

"राजहऱ्याच्या डोंगरातले," मी म्हटलं. "तिथे खूप होतात."

बाबांनी एक सीताफळ उचललं आणि ओसरीवर जाऊन खाल्लं. बिया हातात घेऊन आत आले, कुंडीजवळ ठेवल्या. त्या बियांमुळे मी फसले. त्या त्यांनी फेकल्या असत्या तर पुढचं झालं नसतं.

मी तो रस्ता पाहिला नव्हता, वाचला होता. मोटारीच्या कपाळावर पाटी होती: दुर्ग, गुंडरदेही, बालोद, कुसुमकसा, राजहरा. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर एक लाल रेघ खाली दक्षिणेकडे जाई. मुलं पाढे म्हणत असत तेव्हा मी त्या रेघेवरून बोट फिरवी. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला न पाहिलेल्या गावात तळं खणायला आणि झाडं लावायला वेळ लागत नाही. पुढे डब्यात आवळे आले, ते कुसुमकशाच्या जंगलातले होते. दादा साहेबांच्या जीपमधून कामासाठी खाली उतरतो, असं मी सांगितलं. मग पेरू आले, बालोदच्या बाजारातले. तिथे चिंचेखाली एक म्हातारी बसते. मग शिंगाडे आले, ते गुंडरदेहीच्या तळ्यातले.

दादाला मी असा एकेक गाव जवळ आणत होते. हे मी ठरवून केलं की नाही, ते आजही सांगता येणार नाही. पण बाबांनी ते ठरवून ऐकलं. शिंगाड्यांच्या दिवशी ते म्हणाले, "गुंडरदेहीपर्यंत आला म्हणते. मंग दुर्ग काही लंब नव्हतं." आणि त्या रविवारपासून ते सकाळी दाढी करून ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. समोरच्या खोदलेल्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वर करत. मला ती खुर्ची पाहवत नसे. मी स्वयंपाकघरात जाई, तिथून मागच्या दारी जाई, पुन्हा आत येई. आई म्हणे, "तुया पायाले काय चाक लागले?"

आणि मग तो शनिवार आला. मकरसंक्रांत नुकतीच झाली होती. शाळा सुटल्यावर मी डबा घेतला आणि बाजारात जायच्या आधी थोडा वेळ म्हणून वाचनालयात शिरले. एक कादंबरी अर्धी राहिली होती. डोकं वर केलं तेव्हा शेवटच्या शटल गाडीला दहा मिनिटं होती. मी स्टेशनकडे पळाले. भिलाईला उतरल्यावर बोरं घेऊ म्हटलं, तर बोरंवाली उठून गेलेली. घरी पोचले तेव्हा डब्यात काही नव्हतं.

आईने झाकण काढलं. पुन्हा लावलं आणि पुन्हा काढलं.

"ड्रायव्हर काही बोलला?"

"नाही."

"रिकामा डबा सुतकाच्या घरून येते," आई म्हणाली आणि खालीच बसली.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाबा दारात आले होते आणि त्यांची नजर डब्याच्या बुडाशी होती. खरं सांगितलं असतं तर आईची भीती गेली असती. पण सीताफळं, आवळे, पेरू, शिंगाडे सगळंच गेलं असतं आणि त्या रविवारच्या खुर्चीला काही अर्थ उरला नसता. आई म्हणाली, "उद्या सकायच्या मोटारीनं मी जातो. पोरी, तू संगं चाल."

बाबा येतो म्हणाले नाहीत. सकाळी त्यांनी आमच्याबरोबर मोठ्या सडकेपर्यंत चालत येऊन दुर्गची बस थांबवली. स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून आईच्या हातात दिला. "डोंगरात थंडी असन," एवढंच म्हणाले.

दुर्गहून मोटार निघाली तेव्हा आई खिडकीशी होती. मांडीवर डबा, आत कोथिंबिरीच्या सांबारवड्या, वरून नवं फडकं. आम्ही मधल्या बाकावर आणि आमच्यासमोर दोन टोपल्यांत कोंबड्या. डांबराची पट्टी अरुंद होती. समोरून बैलगाडी आली की कुणीतरी एकाने मुरुमात उतरायचं. ठिकठिकाणी कडेला गिट्टीचे ढीग लावलेले होते, रस्ता रुंद होणार होता. उजव्या-डाव्या अंगाला धानाची कापलेली शेतं, त्यांत लाखोरीचा हिरवा पाला. आई ती ओळखीची भाजी पाहूनही काही बोलली नाही. एका लहान गावाशी मोटार थांबली. कंडक्टर ओरडला, "अंडा, अंडा वाले!"

"अंडे विकून राहिला का तो?" आईने विचारलं.

"गावाचं नाव आहे, आई."

"अंडा? गावाचं?" ती हसली. मग हसू आलं याचाच राग आल्यासारखी पदर तोंडाला लावून बसली.

तिथून पुढे मला खिडकीबाहेर पाहवेना आणि आतही पाहवेना. पाटीवरची गावं आता खरी होऊन समोरून येत होती. गुंडरदेहीला मोटार बराच वेळ थांबली. आई खाली उतरली. चहाच्या टपरीवाल्याला तिने आपल्या हिंदीत विचारलं, "भैया, यहां शिंगाडे का तळा किदर है?"

"तरिया तो हे दाई," तो म्हणाला, "फेर सिंघाड़ा नई होय इहाँ."

आई माझ्याकडे वळली. "नाही होत म्हणते."

"दुसरं तळं असेल. गावाबाहेर."

"अच्छा," ती म्हणाली.

बालोदला चिंच होती. तिच्याखाली एक बाई पेरूही विकत होती. ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर काटा आला. जणू कुणी माझ्या पाळतीवर होतं आणि मुद्दाम एक खोटं खरं करून ठेवलं होतं. आईने त्या बाईला विचारलं, "मेरा लडका आता था क्या? उंचा है, जीप में?" बाई म्हणाली, "का जानंव दाई, कतको आथें-जाथें." किती येतात, किती जातात. आई तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की त्या बाईने एक पेरू उचलून तसाच तिच्या हातात ठेवला. आईने तो परत केला.

बालोदनंतर जंगल लागलं. उजवीकडून कधी रेल्वेची लाइन दिसे, तिच्यावर दगड भरलेल्या वॅगनी. ट्रक समोरून येत ते लाल, ड्रायव्हर लाल, झाडांची रस्त्याकडची बाजू लाल आणि पलीकडची हिरवी. कुसुमकशाला आवळ्याचं बन नव्हतं. चार घरं, एक दुकान, वाकलेला एक सागवान.

"इथचेच आवळे ना?" आई म्हणाली. "बन दिसून नाही राहिलं."

"कापलं असेल. रस्त्यासाठी."

"दोन महिन्यांत?"

आणि आता एक विचित्र गोष्ट झाली. डबा रिकामा का होता हे जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. घाबरायचं कारण नाही हेही मलाच ठाऊक होतं. तरी मला भीती वाटू लागली. रस्त्यावर मी एवढं खोटं रचलं, त्याची भरपाई रस्ता दुसऱ्या टोकाला घेईल, असं काहीतरी. आईच्या बोटांनी डब्याची कडी वरखाली होत होती. किर्र, किर्र. मी म्हटलं, "आई, थांबव ना ते." ती म्हणाली, "तूच तं गाडी बसल्यापासून पाय हालवून राहिली. मी काई म्हटलं?"

राजहऱ्याला कॅम्प होता. पत्र्याच्या लांब शेड, त्यात खोल्या. एका माणसाने हात करून दाखवलं. आई इतक्या वेगाने चालत गेली की तिची एक चप्पल मागे राहिली आणि मी ती हातात घेऊन पळाले.

दादा शेडच्या मागे दगडावर कपडे धूत होता. त्याने वर पाहिलं.

"काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

आई त्याच्यापाशी गेली. ओल्या हातांसकट त्याचे दोन्ही दंड धरले, सोडले, मग खांद्यावर एक जोराची थापट मारली.

"रिकामा डबा कावून धाडला रे?"

"रिकामाच तं..." दादा म्हणाला आणि थांबला. आईच्या खांद्यामागे मी उभी होते, हातात एक चप्पल. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. त्याने ते वाचलं. पुस्तकं न वाचणारा माणूस. पण तेवढं त्याने वाचलं.

"विसरलो, आई," तो म्हणाला. "ह्या खेपी विसरलो."

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला बाबांनी दिलेली ट्रंक. खिडकीला पडदा होता. आई तिथेच थबकली. हिरवं, तपकिरी, फुलांचं, काठाचं, सगळी तिची लुगडी. चार महिन्यांची फडकी त्याने वेड्यावाकड्या टाक्यांनी जोडली होती. धूळ फार येते म्हणून, तो म्हणाला. आईने एका फडक्याचा काठ बोटांत धरला. बाहेरच्या बाजूने पडदा लाल झाला होता, आतून रंग शाबूत होते.

"सुई धरता येत नाही तुले," ती म्हणाली. "कुत्र्याच्या तंगडीसारखा टाका."

तो जेवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "चाल घरी."

दादाने पाय पुढे केले. धुतलेले होते, तरी नखांच्या कडा, टाचेच्या भेगा लाल होत्या. "हे जात नाही, आई. मी रोज घासतो. बाबा म्हणाले ते म्हणाले."

"थे तं म्हणाले. म्हणणाऱ्याचं तोंड तू पाहिलं नाही, मी पाहिलं."

पण तिने पुन्हा आग्रह केला नाही. परतीची मोटार दुपारीच होती. दादाने डबा नळावर नेला, राखेने घासला, पंच्याने पुसला, कडी लावली आणि आईच्या हातात दिला.

आईने तो घेतला. वजन लगेच कळतं. समोर स्टोव्हजवळ गुळाची ढेप होती, तांदळाचं पोतं होतं. दादाच्या ते मनातही आलं नव्हतं. चार महिने तो असाच, लखलखीत, रिकामा डबा पाठवत आला होता आणि आता आईच्या डोळ्यांदेखत त्याने तसाच दिला. आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्याच्या गळ्यात बाबांचा मफलर घातला, "जेवजो बरोबर," म्हणाली आणि निघाली.

मोटारीत ती खिडकीशी बसली. कुसुमकसा गेलं. बालोदला ती उतरली नाही. मी तिच्या शेजारी बसून शिक्षेची वाट पाहत होते आणि ती येत नव्हती. मी एकदा म्हटलं, "आई, मी..." ती म्हणाली, "झोप येऊन राहिली मले," आणि डोळे उघडे ठेवून बसली.

गुंडरदेहीला मोटार थांबली तशी ती खाली गेली. परत आली तेव्हा ओच्यात बोरं होती. डबा उघडला, बोरं आत ओतली, झाकण लावलं.

"तुया बाबाले काय सांगशील? कुठचे?"

"गुंडरदेहीचे."

"मागच्या खेपी गुंडरदेहीच झालं. पोरगा काय तिथंच बसला का?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "ते मघाचं गाव. अंडा. अंड्याचे सांग."

"आई, पण..."

"तू नाही सांगत तं मी सांगतो. पण मले नकाशा येत नाही. तुलेच येते."

ऊन कलतं होतं तेव्हा आम्ही भिलाईत सडकेवर उतरलो. बाबा सकाळी उभे होते तिथेच उभे होते. मधे घरी जाऊन आले असतील, पण तसं वाटलं नाही. आईच्या चेहऱ्यावरून त्यांना मुख्य ते कळलं. आईने डबा पुढे केला. त्यांनी तो सडकेवरच उघडला.

"कुठचे?"

"अंडा म्हणून गाव आहे," मी म्हटलं. "दुर्गजवळ. दादा आता रविवारी तिथपर्यंत येतो. मोजणीच्या कामाला."

बाबांनी एक बोर तोंडात टाकलं. चावलं नाही, गालात धरून चालू लागले.

पुढच्या रविवारी त्यांनी दाढी केली, पण खुर्ची टाकली नाही. धुतलेला शर्ट घातला, छत्री घेतली. "जरा दुर्गाहून येतो," म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, मी वाचत होते ते पुस्तक खाली पडलं. आम्हा दोघींनाही कळलं आणि दोघींपैकी एकीनेही त्यांना थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार?

दुपार झाली. आई अंगणात दोनदा झाडून गेली. मी सडकेपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. माझे बाबा त्या गावात कुठल्यातरी झाडाखाली छत्री टेकून बसले असतील आणि प्रत्येक जीपला उठून उभे राहत असतील. न आलेल्या मुलासाठी, त्याने न घेतलेल्या बोरांसाठी. ते चित्र मीच काढलं होतं. संध्याकाळ झाली, बाबा आले नाहीत. आईने त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ऑफिस बुडवून, मला आठवतं तसं पहिल्यांदाच. दारात उभे राहिले. चप्पल लाल होती, धोतराचा घेर लाल होता, घोट्यांपर्यंत पाय लाल होते. आईने पायावर घालायला पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. मग तसेच, चप्पल न काढता, घरात आले. शेणाने सारवलेलं घर नव्हतं ते, सिमेंटची फरशी होती. तिच्यावर पावलं उमटली. आईने ती चार दिवस पुसली नाहीत.

"अंड्याले भेटला नाही," ते म्हणाले. "मंग पुढची मोटार आली, तिच्यात बसलो." थोड्या वेळाने म्हणाले, "शिमग्याले येते म्हणला."

दादा शिमग्याला आला. तसाच, लाल पायांनी.

बाबा राजहऱ्याला राहिले त्या रात्री दादाच्या खोलीवर काय बोलणं झालं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी, बाबा गेल्यावर, दादाने सांगितलं. बाबा आल्या आल्या त्याला म्हणाले होते, "मी अंड्याले वाट पाहिली. तू आला नाही?" दादाने अंडा हे गाव मोटारीतून जाता-येता पाहिलं असेल तेवढंच. तो म्हणाला, "आज काम निघालं, बाबा. एरवी दर रविवारी असतो." मग बाबा खाटेवर बसले आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, "हे तुया आईचं लुगडं हाय ना?"

"म्हणजे तूही खोटं बोललास," मी दादाला म्हटलं.

"एकदा 'विसरलो' म्हणून तुया डब्यात तोंड घातलं होतं ना," दादा म्हणाला. "मंग काय करतो?"

ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. नंतर आमचं पुन्हा त्याविषयी बोलणं झालं नाही. आई गेली तेव्हाही नाही. मला वाटे, कधीतरी निवांत बसू आणि पहिल्या सीताफळापासून सगळं एकमेकांना सांगू. त्याने कोणती बाजू पाहिली, मी कोणती. निवृत्तीनंतर त्याने बालोदला घर बांधलं. मी बोरसीला. एका रस्त्याची दोन गावं. तरी ते निवांत बसणं राहून गेलं.

परवा बस अंड्याला थांबली. रस्ता आता चांगला रुंद आहे, राज्य मार्गाची हिरवी पाटी आहे, थांबा नीट बांधलेला आहे. पलीकडे एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती. बसमधून दोघं-तिघं उतरून तिच्याकडे गेले. मी डबा घेऊन उठले, दारापर्यंत गेले. कंडक्टर म्हणाला, "माँजी, उतरना है?"

वहिनीने रीत पाळली होती. मी परत येऊन जागेवर बसले. डबा मांडीवर घेतला, आणि दुर्ग येईपर्यंत त्याची कडी वरखाली करत राहिले.